एक माणूस जास्त

लाईन गेली की आमच्याकडे ती लवकर येत नाही. बसा निवांत, कंदील लावलाय. पाणमांजरं आता दिसायची नाहीत, ती तुम्हाला सकाळी माझी सून निशिगंधा दाखवील. नशीब असेल तर पिल्लंही दिसतील. नशीब नसलं तरी दिसतील, कारण ती आता माणसाला फारशी भीत नाहीत, आणि हे मी तोऱ्यातच सांगते. कुठकुठले साहेब लोक कॅमेरे गळ्यात घालून येतात ते आमच्या उंबरडोहावर. राळेगावच्या बाजारात कुणी विचारलं, बाई कोणत्या गावच्या, तर मी गावाचं नाव सांगतच नाही, उंबरडोहाची म्हणते. माझा मुलगा कपिल चिडवतो, आई, तू त्या डोहाची पाटलीण झालीस. म्हणू दे. कुणाला दागिन्यांचा गर्व असतो, कुणाला जावयाचा. मला डोहाचा आहे.

मघाशी तुम्ही विचारलंत, एवढ्या डोहाची राखण एकटी बाई कशी करते. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. दोन उन्हाळ्यांमागची एक दुपार सांगावी लागेल. भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे वैशाखातली दुपार रात्रीहून सुनसान असते. रात्री निदान कुत्री भुंकतात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात कुणी राखणीला, जागलीला असतं, त्याची विडी लांबून चमकते. दुपारी काहीच नसतं.

आधी डोह समजून घ्या. आमची नदी पावसाळ्यात नदी असते, होळीपर्यंत ती तुटते आणि आखाजी, अक्षय्य तृतीया, आली की नुसती वाळू आणि गोटे उरतात. पाणी राहतं ते एका उंबरडोहात, कारण त्याच्या बुडाशी अखंड खडक आहे. काठावर जुनं उंबराचं झाड आहे, त्याची मुळं पाण्यात उतरली आहेत. साऱ्या नदीतली मासोळी उन्हाळ्यात तिथं गोळा होते, मरळ, वाम, शिंगाडा, आणि कासवंही. पहिला पूर आला की तीच वर-खाली पांगते आणि दहा गावांच्या नदीत मासा होतो. माझे सासरे सदाशिवराव, त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणायचो, ते सांगायचे की हा डोह म्हणजे नदीचं बियाणं आहे. घरात दाणा नसला तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नसतो.

एकदा त्या मडक्याला हात लागला होता. मी नवी नवरी होते तेव्हा. कुणी बाहेरच्यांनी ऐन दुपारी कपाशीवर फवारायचं औषध डोहात ओतलं. संध्याकाळी पाणी पांढरं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं की ती माशांची उलटी झालेली पोटं आहेत. मरळ तेवढी मोठी मोठी वेचून नेली त्यांनी, बाकीचं सडत राहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं नदीला पूर यायचा पण नदी रिकामी असायची. पाणमांजरं गेली ती त्याच वेळी. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गाव जमवून त्यांनी डोहाची जागल बसवली. शेताची करतात तशीच. होळीपासून पहिल्या पुरापर्यंत, पाळीपाळीनं, प्रत्येक घरातून, दोघं दोघं. आमचं गाव आणि शेजारचा तांडा मिळून. ती जागल आजतागायत तुटलेली नाही, आणि सरकारनं आमची समिती कागदावर आणायच्या कितीतरी आधीपासून ती चालू आहे.

जागलीचे नियम साधे. जाळं नाही, मोटार लावायची नाही, डोहात जनावर धुवायचं नाही. आणि एक नियम खास मामाजींच्या डोक्यातून निघालेला. पलीकडच्या काठावरून कुणी परक्यानं विचारलं, किती जण आहात, तर असू त्यापेक्षा एक माणूस जास्त सांगायचा. एकटे असाल तर दोघं म्हणा, दोघं असाल तर तिघं. अलीकडे झाडी दाट, पलीकडून सावलीतलं नीट दिसत नाही. विचारणारा बिचकतो आणि आल्या वाटेनं जातो. एरवी मामाजी खोटं बोलणाऱ्याला दारात उभं करत नसत, पण डोहापुरतं एवढं खोटं त्यांनी अख्ख्या गावाला शिकवलं.

त्या नियमाला एक शेपूट होतं. परक्याला एक जास्त, पण आपल्या माणसाला खरा आकडा. आपल्या माणसानं विचारलं तर चुकूनही वाढवून सांगायचं नाही. का, ते त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही. मामाजी भाकरीच्या बाबतीत भारी काटेकोर, त्यामुळे एका माणसाचा डबा फुकट जाऊ नये एवढाच त्याचा अर्थ असेल असं आम्ही सुना समजायचो आणि पदरात तोंड घालून हसायचो. मामाजी गेले, नियम राहिले.

तर तो उन्हाळा. पाणी इतकं उतरलं होतं की उंबराची मुळं उघडी पडली होती. पण त्याच वर्षी, इतक्या वर्षांनी, पाणमांजराची जोडी परत आली होती. मादीनं मुळांखालच्या बिळात पिल्लं घातली होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी आणि बिजलीबाई काठावर बसून रडलो होतो, दोघीही. बिजलीबाई तांड्यातली, माझी जागलीची जोडीदारीण. आमची पाळी दुपारची. तिचा नवरा रामसिंग म्हणायचा, तुम्ही दोघी बोलायला बसलात की मासे वैतागून तळाला जातात.

त्या दिवशी गावातल्या एका पोराचं लग्न होतं, वऱ्हाड कळंबला गेलेलं. कपिलही त्यांच्यासोबत. गावात राहिली ती म्हातारी माणसं आणि गुरं. मी डोहावर पोहोचले तर रामसिंग निरोप घेऊन उभा. बिजलीबाईला ऊन लागलंय, सकाळपासून ओकते आहे, तळपायाला कांद्याचा रस चोळत ठेवलीय, येऊ शकत नाही. मी म्हटलं, तू तिच्याजवळ राहा, एका दुपारचं काय एवढं. तो गेला आणि मी उंबराखाली माझ्या जागी बसले.

ऊन असं की पलीकडची वाळू पाहवत नव्हती. वारा नाही. धीवर पक्षी रोज किलकिल करतो, तोही फांदीवर चोच मिटून बसलेला. उघड्या पडलेल्या गाळाचा वास येत होता, त्यात पिकून पडलेल्या उंबरांचा गोडसर आंबूस वास मिसळलेला. मला डुलकी लागली असावी. शेताच्या बांधावरून हाक आली तेव्हा डोळ्यांपुढं नुसता उजेड होता आणि कानावर एवढंच पडलं, किती जण आहात. वर्षानुवर्षांची सवय. जीभ आपोआप चालली.

"दोघी आहो," मी ओरडले.

मग डोळे चोळून पाहिलं तर बांधावर निशिगंधा. ती गाईपायी लग्नाला न जाता मागं राहिली होती, शेतातल्या झोपडीत भाकरी टाकत होती, आणि डबा किती जणींचा आणू एवढंच विचारत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं की बिजलीबाई आली नाही, मी एकटी आहे. पण डोहाच्या पाटलिणीला जागलीवर डुलकी लागली हे सुनेला कळू द्यायचं? कोणती सासू देईल सांगा. ती दोन जणींच्या भाकरी घेऊन आली तेव्हा इकडे तिकडे पाहत म्हणाली, "बिजलीमावशी नाही दिसून राह्यली."

"असंन इकडंच कुठंतरी," मी म्हटलं. "येते ते. तू जाय, गाय व्यायले झाली हाये."

निशिगंधा गेली. आपल्या माणसाला मी एकदा नाही, दोनदा खोटं सांगितलं होतं, पण तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही. मी जेवले. दुसरी भाकरी, कांदा आणि कैरीचा तक्कू मुळांजवळच्या सपाट दगडावर फडक्याखाली झाकून ठेवला. संध्याकाळी गाईला घालीन म्हटलं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि डोहाकडे तोंड करून बसले.

थोड्या वेळानं मागे कांदा फुटल्याचा आवाज आला.

कांदा दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला की जो आवाज येतो ना, तो. मग कांद्याचा वास. मला वाटलं माकड आलं. आमची माकडं डबा उघडण्यात पटाईत. वळून हाकलण्यात अर्थ नव्हता, तोवर ते भाकरी घेऊन झाडावर गेलेलं असतं. पण झाडावर काही गेलं नाही. फांदी हलली नाही. मागे कुणीतरी सावकाश, घास घास चावून, जेवत होतं... शेतातून दमून आलेली बाई जेवते तसं, मध्ये थांबत. माझी मान वळेना. आवाज थांबला तेव्हा कुठं वळली.

दगडावर भाकरी नव्हती, कांदा नव्हता, तक्कूचं बोटही उरलं नव्हतं. फडकं मात्र होतं. चौघडी घालून, काठाला काठ जुळवून, नीट ठेवलेलं. माकड फडक्याची घडी घालत नाही. तांब्याला हात लागलेला नव्हता, पाणी होतं तसंच काठोकाठ होतं.

उठून घरी जायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही उठलेच होते. तेवढ्यात मुळांखालून पाणमांजराची मादी बाहेर आली. पाण्यात उतरली, आमच्या काठानं सरळ पोहत निघाली, आणि डोहाच्या मधोमध जाऊन तिनं एका जागेला वळसा घातला. उंबराच्या मुळांना घालते तसा, अंग चोरून. तिथं काहीच नव्हतं. सपाट, स्वच्छ पाणी होतं. परत येतानाही तिनं त्याच जागेला वळसा घातला. तिची पिल्लं बिळात चिवचिवत होती. ती टाकून मी घरी गेले असते, तर उंबरडोहाची म्हणवून घ्यायचा मला काय अधिकार होता? मी परत खाली बसले.

आणि त्याच वेळी पलीकडच्या काठावर माणसं आली.

तिघं-चौघं होते. तोंडाला दुपट्टे बांधलेले, आमच्या भागातले नव्हेत. हमरस्त्यावर गाडी लावून नदीच्या पात्रातून चालत आले असावेत. लग्नाला गाव रिकामं आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. एकाच्या हातात पोती, दुसऱ्याच्या हातात फवारणीच्या औषधाचा कॅन. तो उतरत्या खडकावर पाण्याच्या अगदी वर उभा राहिला आणि त्यानं झाकण फिरवलं. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. नवी नवरी असताना घेतलेला वास, विसरता येत नाही तो. एवढंसं पाणी उरलेलं, त्यात नदीचं सगळं बियाणं, बिळात डोळे न उघडलेली पिल्लं. एक कॅन पुरे होता. मी उभी राहिले आणि जोरात खाकरले.

त्यांनी दचकून पाहिलं. मग त्यातला एक हसला आणि कपाळावर हात धरून विचारता झाला, "किती जन आहा वो मावशी?"

"दोघी आहो," मी म्हटलं. आवाज सरळ निघाला याचं मलाच नवल वाटलं.

तो पुन्हा हसणार होता. हसू अर्ध्यातच राहिलं. त्याची नजर माझ्यावरून खाली आली, डोहाच्या मधोमध गेली आणि तिथंच थांबली. बाकीचेही तिकडेच पाहायला लागले.

"त्या पान्यातल्या बाईले धरून..." तो हळू आवाजात म्हणाला, "का तिले सोडून?"

मी पाण्याकडे पाहिलं. पाणी सपाट होतं. सावलीसुद्धा नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, भर उन्हात. पण मी तुम्हाला खरं सांगते, त्या भीतीच्या आत दुसरंही काही होतं. डोह राखायला मी एकटी नाही, कुणीतरी माझ्या बाजूनं उभं आहे, हे कळल्यावर छाती भरून येते तसं. माझी भाकरी खाल्ली होती तिनं. जेवली म्हणजे आपली झाली.

"तिले धरून," मी म्हटलं.

मग कॅनवाला पुटपुटला, "इकडं येऊन राह्यली ते... हात हालवून नाही राह्यली, पाय हालवून नाही राह्यली... तशीच येऊन राह्यली." त्याच्या हातातून कॅन सुटला. पोती टाकून ते सगळे वाळूतून पळत सुटले. एकाची चप्पल राहिली, तरी तो थांबला नाही. तापलेल्या वाळूत अनवाणी पळणं काय असतं ते इथल्या माणसाला विचारा.

कॅन खडकावर आडवा पडला होता. उघड्या तोंडातून पांढरं औषध भळभळत होतं आणि त्याचा ओघळ उतारावरून पाण्याकडे निघाला होता. वळसा घालून पलीकडे जायला पात्रातून बराच वेळ लागतो. सरळ जायचं तर डोहातून. मध्ये एक खडकाचा कठडा आहे पाण्याखाली, त्यावरून गेलं तर पाणी छातीपर्यंत येतं. तो कठडा नेमका त्या जागेवरून जातो, जिला पाणमांजर वळसा घालत होतं.

मी पदर खोचला आणि उतरले.

वरचं पाणी कोमट होतं. मधोमध आल्यावर ते एकदम गार झालं, विहिरीच्या तळाशी असतं तसं. माझ्या चालण्याची लाट पुढे जात होती. तिच्या जोडीनं, हातभर अंतरावरून, दुसरी लाट निघाली... माझ्याबरोबर चालत, मी थांबले की थांबत. मी मान वळवली नाही. मनातल्या मनात मामाजींचं नाव घेत राहिले. मग ती दुसरी लाट माझ्या पुढे गेली, झरझर, आणि पलीकडच्या खडकाला जाऊन फुटली. मी अजून मध्येच होते.

मी काठावर चढले तेव्हा कॅन उभा होता. झाकण लावलेलं होतं. औषधाचा ओघळ पाण्यापासून चार बोटांवर अडला होता, आणि त्याच्यापुढे ओल्या वाळूचा छोटा बांध घातलेला होता. भाजीच्या वाफ्याला पाणी अडवायला बाया हातानं वाळू ओढून घालतात, अगदी तसा. त्यावर बोटांच्या खुणा होत्या. मी पाहत असतानाच उन्हानं वाळू सुकली आणि खुणा ढासळून गेल्या.

संध्याकाळी वऱ्हाड परतलं. कपिल आणि आमचा वनरक्षक गोपाल येऊन कॅन घेऊन गेले. त्याचं झाकण कुणाला उघडेना. गोपालनं शेवटी मोठा पाना लावला तर झाकण फुटलं पण फिरलं नाही. कॅन पडताना उडालेल्या थेंबांनी काठाशी थोडी बारीक मासोळी तेवढी मेली होती, बाकी डोह सुखरूप होता. पिल्लांनी त्याच आठवड्यात डोळे उघडले. पहिला पूर आला तेव्हा आम्ही सगळे पुलावर उभे होतो, आणि मरळ पुराच्या पाण्यात वर चढताना पाहून गाव ओरडत होतं. त्या पावसाळ्यात खालच्या गावांनीही आम्हाला मासे पाठवले.

ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला. एकट्या बाईनं चार जणांना पळवलं म्हणून शाल दिली, नारळ दिला. मी ताठ मानेनं घेतला, खोटी लाज कशाला? मी पळाले नव्हते, पाण्यात उतरले होते. नारळ मात्र दुसऱ्या दिवशी उंबराखालच्या दगडावर ठेवला. ज्याचं त्याला दिलेलं बरं.

सगळी गोष्ट मी सांगितली ती एकट्या बिजलीबाईला. मग तिनं विचारलं, निशिगंधाला तू दोघी सांगितलंस? मी मान हलवली.

"तुह्या सासऱ्यानं मले एकडाव सांगतलं होतं," ती म्हणाली. "परक्याले सांगतलेलं मानूस हवेत जाते. आपल्याले सांगतलेलं मानूस येते. त्याची भाकर निघते ना घरातून... मंग त्याले यावंच लागते."

"कोन येते?"

"ते नाही सांगतलं त्यानं. मी पुसलं बी नाही."

बिजलीबाईचे गुडघे त्यानंतर गेले, आता ती डोहावर येत नाही. समितीनं मला दुसरी जोडीदारीण देऊ केली. मी नको म्हटलं. मला आहे, म्हटलं. लोकांना वाटतं म्हातारीला तोरा चढलाय. निशिगंधा मात्र काही न विचारता रोज दोन भाकरी बांधते, आणि रोज संध्याकाळी मी चौघडी घातलेलं फडकं घरी आणते. त्या जोडीदारणीचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. पाण्याचा तांब्या ती कधी घेत नाही. पाणमांजरं तिला अजून वळसा घालतात, पण आता अंग चोरत नाहीत. डोहाला या दोन वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही. म्हणून तुम्ही विचारलंत ना, एकटी कशी राखते, तर ते असं. मला भीती वाटते का? वाटते. सासूची वाटायची तशी. पण जोडीदारीण अशी मिळावी, अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

एवढीच गोष्ट असती तर मी ती मजेत सांगून संपवली असती. पण मागच्या बाजाराच्या दिवशी एक झालं.

पलीकडे रेतीवाल्याचा ट्रॅक्टर आला. नवाच माणूस होता, डोहाच्या काठची रेती काढायच्या बेतात असावा. त्यानं इंजिन बंद केलं आणि हाक घातली, किती जण आहात म्हणून. मी उंबराखाली बसलेली. नेहमीसारखं दोघी सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधी, माझ्या पाठीमागून, अगदी कानाजवळून, ओल्या घशाचा आवाज आला.

"तिघी आहो."

ट्रॅक्टर गेला. मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं डोक्यात उजेड पडला. नियमाप्रमाणेच बोलली होती ती. मी एक, ती एक, आणि परक्याला सांगायचा म्हणून एक जास्त. जागल शिकली होती पोरगी, मला हसूही आलं. पण घरी येताना एक मनात आलं. तो माणूस मला परका होता. तिला तो कोण होता, परका की आपला, हे मला कसं कळावं?

सकाळी डोहावर जाल तेव्हा कुणी विचारलं, किती जण आलात, तर तुम्ही आपला खरा आकडा सांगा. विचारणारा दिसला नाही तरी खराच सांगा.

आज दुपारी मी नेहमीसारखी भाकरी दगडावर ठेवली. मागे कांदा फुटला, घास चावल्याचा आवाज आला, थांबला. मी वळले. फडक्याची आज घडी नव्हती, ते पसरून झाकलेलं होतं. उचलून पाहिलं तर खाली अर्धी भाकरी, अर्धा कांदा आणि तक्कू, नीट एका बाजूला काढून ठेवलेला. यायचं असलेल्या माणसासाठी ठेवतात तसा.

निशिगंधा मघाशी विचारून गेली, आई, उद्या किती भाकरी टाकू. तीन सांगावं म्हणते.